खिडकीत गेलेला तास

प्रिय ताई,

आज रविवार. सकाळपासून तीनदा कागद पुढ्यात घेतला आणि तीनदा उठून कपाट आवरलं. चौथ्यांदा आवरायला कपाटात काही उरलं नाही, म्हणून लिहायला बसलेय. माझं जरा विचित्र झालंय. कुणी विचारलं की नेमकं काय झालं, तर सुरुवात कुठून करायची तेच मला कळत नाही. आणि तुला माहीतच आहे, सुरुवात वाकडी गेली की माझं पुढचं सगळंच वाकडं जातं. तेव्हा आधी शाळेचं सांगते. ते सोपं आहे. म्हणजे सोपं नाही, पण निदान क्रमाने सांगता येतं.

या सत्रात आमच्याकडे एक नवी गोष्ट आली. प्रत्येक शिक्षकाला आठवड्यात चार तास असे, की त्यात वर्गावर जायचं नाही. ऑफ तास पूर्वीही असायचे, पण नावाला. जरा टेकावं तर शिपाईकाका दारात उभे, "बाई, सातवी मोकाट सुटलीय, चला." हे नवे तास तसे नसणार होते. त्यात उद्याच्या धड्यांची तयारी करायची, वह्या बघायच्या, विचार करायचा, आणि कुणी हाक मारायची नाही. वेळापत्रकात त्या चौकटीत 'त.ता.' असं छापलं, म्हणजे तयारीचा तास. पहिल्याच दिवशी खेळाच्या सरांनी, ज्यांना आम्ही सगळे शिट्टी सर म्हणतो, ते मोठ्याने वाचलं, "त.ता. म्हणजे तंगड्या ताणा!" शिक्षकांची खोली खो खो हसली. मीही हसले, पण लगेच वाटलं, हसायला नको होतं. कारण हे तास संस्थेने एका सत्रापुरतेच दिले होते. सत्र संपलं की समिती बघणार आणि ठरवणार, ठेवायचे की काढायचे. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्यासाठी दोन वर्षं संस्थेच्या मागे लागल्या होत्या. चार तास म्हणजे बाहेरच्याला काहीच वाटत नाही. पण मला चाळीस मुलं आणि चार विषय आहेत. वह्यांचे गठ्ठे घरी आणायचे, उद्याचा धडा स्वयंपाक करताना डोक्यात फिरवायचा, आणि भाजीत मीठ दोनदा पडायचं, असं तीन वर्षं चाललंय. हे चार तास मिळाले तेव्हा मला खरं सांगायचं तर रडू आलं होतं.

मोठ्या बाईंनी प्रत्येकाला एक पातळ वही दिली. तारीख, तास, आणि समोर 'काय केले' असा रकाना. म्हणाल्या, "एक ओळ लिहा, जास्त शब्दांत अडकू नका." सगळ्यांनी एक ओळ लिहिली. 'पाठाची तयारी केली.' खाली पुन्हा तेच, आणि त्याच्या खाली नुसत्या दोन छोट्या रेघा, म्हणजे वरीलप्रमाणे. इतिहासाच्या सरांची वही तर अकरा आठवडे नुसत्या रेघांची आहे, पावसाच्या चित्रासारखी. आणि मी काय लिहिलं? मी जे झालं ते लिहिलं. 'सहावीवर बदली तास घेतला, तयारी झाली नाही.' 'मुलांच्या पालकांच्या सह्यांचे कागद लावले.' 'भाषेचा धडा वाचला, दोन प्रश्न काढले.' आणि मग, ताई, अशाही ओळी आहेत: 'काही सुचले नाही.' 'तास खिडकीत गेला.' 'एका मुलीची वही पाहत बसले. चूक का होते ते कळले नाही. तास वाया.' मी हे शहाणपणा मिरवायला लिहिलं नाही गं. मला दुसरं लिहिताच येत नव्हतं. 'तयारी केली' लिहायला पेन टेकवलं की हात थांबायचा. केली का खरंच? कुठे आहे ती? दाखव म्हटलं तर काय दाखवणार?

गेल्या महिन्यात समिती आली. तिघे जण. त्यातले एक निवृत्त अधिकारी, बारीक आवाजाचे, फार सभ्य. वह्या त्यांनी चाळल्या. बाकीच्यांच्या वह्यांत वाचण्यासारखं काही नव्हतंच, म्हणून माझी वाचली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, चहा गार होईपर्यंत. मग मला बोलावून म्हणाले, "बाई, एवढ्या वह्यांत खरी वही एकच आहे. अभिनंदन." मी फुलून गेले. ताई, त्या दिवशी दुपारी मी जिन्यावरून दोन दोन पायऱ्या उतरले. आठ दिवसांनी अहवाल आला. त्यात लिहिलं होतं की एका प्रामाणिक शिक्षिकेच्या नोंदींवरून असं दिसतं, की चव्वेचाळीस तासांपैकी पंधरा बदली तासांत गेले, सहा कागदपत्रांत, चौदा तास शिक्षिकेने स्वतःच 'वाया' किंवा 'खिडकीत गेला' असे नोंदवले आहेत, आणि प्रत्यक्ष तयारी फक्त नऊ तास. सबब, तयारीच्या तासांचा वापर अत्यल्प असून ते पुढील सत्रापासून बंद करावेत. मी बेरीज दोनदा करून पाहिली. बरोबर होती.

पंधरा तास बदलीत गेले तर तो दोष तासांचा कसा, हे मला अजून समजलेलं नाही. शिक्षक कमी आहेत, असा त्याचा अर्थ नाही का निघत? पण समितीला पडत्या फळाची आज्ञा हवी होती आणि ते फळ मी पाडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि अवलक्षण तरी एकटीचं असतं तर! आम्ही चौदा शिक्षक आहोत. कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. मी खोलीत शिरले की बोलणं मध्येच पावसापाण्यावर जातं. शिट्टी सर म्हणाले, "या सत्यवचनी! आम्ही श्वास किती घेतले तेही लिहून ठेवा, समितीला लागेल." आता तर माझं नावच खिडकीबाई पडलंय. परवा शिपाईकाकांच्या तोंडूनही चुकून निघालं, "खिडकीबाई, तुम्हाला बोलावलंय," आणि मग बिचारे स्वतःच जीभ चावून पळाले. पण मला सगळ्यांत लागलं ते शेजारच्या वर्गाच्या बाईंचं. त्यांना घरी दीड वर्षाचं बाळ आहे आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. त्या एवढंच म्हणाल्या, "माझे ते चार तास होते गं." टोमणा नव्हता त्यात. वह्यांवरून मान वरही केली नाही.

इथून माझा गोंधळ सुरू होतो. आमच्यात एक गणिताचे सर आहेत, डुलकी सर. तयारीच्या तासाला ते टेबलावर डोकं ठेवतात आणि चक्क पंधरा मिनिटं झोपतात. मग उठतात, तोंड धुतात, एका चिठोऱ्यावर काहीतरी खरडतात आणि वर्गावर जातात. त्यांच्या वर्गाबाहेरून मी जाते तेव्हा आतली मुलं बाकांवरून अर्धी उठलेली असतात, "सर मी सांगू, सर मी!" आणि वहीत सर लिहितात, 'पाठाची तयारी केली.' हे खोटं आहे का? मी जागी राहून, ताठ बसून, सगळं जसंच्या तसं लिहून जे दाखवलं त्यापेक्षा त्यांची ती एक ओळ जास्त खरी निघाली तर? मला हा विचार सहन होत नाही. मी तो टाकून देते आणि तो मांजरासारखा परत दारात येऊन बसतो.

बुधवारी मोठ्या बाईंनी मला आत बोलावलं. दार लावून घेतलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमचा स्वभाव मला माहीत आहे. माझ्या थोरल्या जावेचा असाच आहे, घरात कुणाला सुखाने जेवू देत नाही." मग पुढ्यात एक कागद सरकवला. पुढच्या सोमवारी समिती पुन्हा बसणार आहे आणि मला बोलावलंय. कागदावर एकच वाक्य होतं: 'माझ्या नोंदी अनवधानाने अपुऱ्या राहिल्या.' खाली माझी सही. "तुम्ही वयाने लहान आहात, घाबरट आहात, एवढं ते समजून घेतील," त्या म्हणाल्या. "अपुऱ्या म्हणजे खोट्या नव्हेत. चौदा जणांचा प्रश्न आहे, बाई. एका सहीने कुणी नरकात जात नाही." मी म्हटलं, विचार करून सांगते. त्या हसल्या. म्हणाल्या, "करा. वहीत मात्र लिहू नका."

कागद घेऊन मी वर्गात आले. आणि आता ज्या मुलीचं सांगणार आहे तिच्यामुळे सगळं आणखीच बिघडलं. वर्गात तिला मुंगी म्हणतात, कारण ती अक्षर मुंगीएवढं काढते. हुशार आहे, पण वजाबाकी हमखास चुकायची. बावन्नातून सत्तावीस, तर हिचं उत्तर पस्तीस. त्रेचाळीसातून अठ्ठावीस, तर पंचवीस. मी रागावले, समजावलं, दहा दहा गणितं घालून दिली. तिची वही घेऊन मी तयारीचे तीन तास बसले होते, वेगवेगळ्या आठवड्यांत. तिन्ही वेळा लिहिलं, 'तास वाया.' आणि चौथ्या आठवड्यात, तयारीचा तासही नव्हता, मी मधल्या सुट्टीत हात धूत होते, आणि एकदम मला दिसलं. दोनातून सात जात नाहीत ना, म्हणून ती सातातून दोन काढत होती. प्रत्येक वेळी, न चुकता, मोठ्या अंकातून लहान. पोरगी निष्काळजी नव्हतीच. ती एक नियम जिवापाड पाळत होती. मी तिला जवळ घेऊन विचारलं तर ती अगदी शपथ घेतल्यासारखी म्हणाली, "बाई, आजोबांनी सांगितलंय. मोठ्यातून लहान जातो. लहानातून मोठा कध्धी जात नाही."

दुसऱ्या दिवशी मी काड्या घेऊन गेले. दहा दहाच्या जुड्या दोऱ्याने बांधलेल्या, आणि थोड्या सुट्या. पाच जुड्या आणि दोन काड्या तिच्या हातात दिल्या आणि म्हटलं, मला सात सुट्या दे. तिने दोन सुट्या माझ्या हातावर ठेवल्या. मग विचारलं, "जुडी सोडली तर चालेल?" मी म्हटलं, सोड की. तिने दोरा सोडला आणि तिचा चेहरा, ताई, तो मला लिहिता येत नाही. त्या दिवसापासून तिची वजाबाकी चुकलेली नाही. मग ते तीन तास वाया गेले होते, की नव्हते? हे मी कागद हातात घेऊन वर्गात उभी असताना माझ्या डोक्यात आलं. म्हणजे 'नोंदी अपुऱ्या राहिल्या' हे वाक्य, जे मोठ्या बाईंनी मला खोटं बोलण्यासाठी दिलंय, ते खरं आहे. मला खरं वाक्य खोटं म्हणून सही करायला दिलंय. आता सांग, मी काय करू? सही केली तर खोटेपणा केल्यासारखं वाटतं आणि नाही केली तर खोटं होतं.

आणि मग शुक्रवारी काड्या परत जुड्या बांधून ठेवत होते, तेव्हा दोऱ्याची गाठ मारताना मला ती तुझी गाठ वाटली. दोन वेढे आणि वर फास, ओढला की सुटणारा. काड्यांचं मला सुचलं असं मी समजत होते. मला कुठलं सुचतंय! मी आठ वर्षांची असताना, पुलाच्या कामावरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात, तू मला तशाच जुड्या दिल्या होत्यास. तेव्हा मीही असंच मोठ्यातून लहान करत होते. बाबांची बदली दर दीड वर्षाने, आईची रुग्णालयात नोकरी, जवळपास शाळा नाही, म्हणून तू मला शिकवायचीस. तू सतराची होतीस. बाहेरून परीक्षेला बसणार होतीस, पुढे शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला जायचं होतं तुला. मी नऊ वर्षांची होईपर्यंत शाळा म्हणजे तू, आणि वर्ग म्हणजे जेवणाचं टेबल. जेवण झालं की दोन ते तीन तू मला चित्र काढायला बसवायचीस आणि स्वतः खिडकीत जाऊन बसायचीस. मांडीवर माझी वही उलटी असायची. तू काही लिहायची नाहीस, वाचायची नाहीस. बाहेर तर बघण्यासारखं काहीच नव्हतं, नुसती खडी आणि एक पाण्याची टाकी. आणि बहुतेक दुसऱ्याच दिवशी जुड्या आल्या. मी बहुतेक म्हणते, कारण मला आता कशाचीच खात्री नाही. कदाचित आठवड्याने आल्या असतील.

मग एका सोमवारी बाबांनी जेवताना जाहीर केलं, की धाकटीला तालुक्याच्या शाळेत घालायचं, वसतिगृहात ठेवायचं. आणि ताटावरून हात न काढता पुढचं बोलले, "आणि हिलाही वेळ फार झालाय. त्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर माणूस हवाय, पुढच्या सोमवारपासून जाऊ दे." आई म्हणाली, "अहो, तिची परीक्षा," आणि बाबा म्हणाले, "अभ्यास करणारा कुठेही करतो." तू परीक्षेला बसली नाहीस. आज सोळा वर्षं झाली, तू त्याच खिडकीवर लोकांची नावं लिहितेस, आणि शिक्षिका मी झाले. त्याच आठवड्यात मावशी येऊन गेली होती, म्हणून तू समजलीस की तिनेच बाबांचे कान भरले. घरात सगळ्यांनीच तसं धरलं. माझ्या लग्नाच्या बोलणीला ती आली तेव्हाही तू तिला पाणी दिलंस आणि आत निघून गेलीस. मावशीने मला विचारलं होतं, "माझं नक्की काय चुकलं गं?" मी म्हटलं होतं, मला नाही माहीत.

ताई, मावशीने काही केलं नव्हतं. बाबा कामावर रोजची नोंद ठेवायचे, आठवतं? कोण आलं, किती काम झालं. त्यांचं एकच म्हणणं, काम दिसलं पाहिजे. त्यांनी मलाही एक छोटी वही दिली होती आणि सांगितलं होतं, ताई रोज काय शिकवते ते यात लिहायचं, जसं असेल तसं, आणि रविवारी मला दाखवायचं. ताईला सांगायचं नाही, असं काही ते म्हणाले नव्हते. मीच सांगितलं नाही. आम्हा दोघांचं काहीतरी आहे, याची मला ऐट होती. मी खोटं काहीच लिहिलं नाही. लिहिलं, 'दोन ते तीन ताई खिडकीत बसली. काही शिकवले नाही.' पाच दिवस, पाच वेळा, चांगल्या अक्षरात. बाबांनी वाचलं, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, खरं लिहिलंस. पुढचं तुला माहीत आहे. मला वर्षानुवर्षं वाटत आलं, की मी लहान होते, मला काय कळत होतं. पण लहान होते तेव्हा लिहिलं आणि मोठी झाल्यावर गप्प बसले, यातलं दुसरं तर लहानपणी झालं नाही ना. पुढच्या सोमवारी मी समितीपुढे जाणार आहे. मोठ्या बाईंच्या कागदावर सही करणार नाही, पण तेच वाक्य माझ्या तोंडाने सांगणार आहे, आणि मुंगीची वही सोबत नेणार आहे. ते ऐकतील की नाही, मला माहीत नाही, बहुतेक नाही. पण अपुरी नोंद म्हणजे काय असतं ते तिथे सांगायचं आणि तुला सांगायचं नाही, हे मला जमेना. त्या तासात तू काय करत होतीस हे मी तुला कधी विचारलंच नाही. माझ्या वजाबाकीचा विचार करत असशील, तुझ्या परीक्षेचा करत असशील, किंवा नुसतीच बसली असशील. नुसती बसली असशील तरी तो तास तुझा होता, आणि मी तो बाबांच्या हातात दिला. मावशीकडे मी शनिवारी जाणार आहे, तिला मीच सांगेन. तू लगेच उत्तर दे असं मी म्हणत नाही. फोन करूनही सांगता आलं असतं हे. पण फोनवर तू "जाऊ दे गं" म्हणाली असतीस, आणि मी जाऊ दिलं असतं.

तुझीच, तू शिकवलेली,
धाकटी